गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बीएफआर: पट्टा, दाब आणि दोन वेगळी दुखणी

एसीएल (गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध) असो, मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) शिवण असो की सांधेबदल, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली की मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, पहिल्या दोन आठवड्यांतच दिसेल इतका उतरतो. पाय वापरात नसतो हे एक कारण. दुसरं असं की सांध्यात पाणी साचलं की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश या स्नायूला मिळणारा हुकूमच दाबून टाकतात. रुग्ण जीव लावून मांडी आवळतो आणि स्नायू जेमतेम थरथरतो. तो परत भरायचा तर एरवी जड वजन लागतं. एकदाच कसंबसं उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास. नव्या ग्राफ्टला (फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या दोरीसारख्या तुकड्याला), ताज्या शिवणीला किंवा सुजलेल्या सांध्याला ते पेलवत नाही.

बीएफआर, म्हणजे रक्तप्रवाह मर्यादित ठेवून करायचा व्यायाम, इथे कामाला येतो. मांडीच्या अगदी वरच्या टोकाला हवेचा पट्टा बांधायचा, त्यात मोजून दाब भरायचा आणि कमाल वजनाच्या फक्त २० ते ३० टक्क्यांवर भरपूर रेप्स, म्हणजे त्याच हालचालीची आवर्तनं, करायच्या. पट्ट्यामुळे शिरांमधून परत जाणारं रक्त अडतं. धमनीतून येणारं रक्त कमी होतं, पण थांबत नाही आणि थांबवायचंही नसतं. प्राणवायू कमी पडला की मंद तंतू लवकर दमतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे जलद तंतू हलक्या वजनालाही कामाला लागतात. लॅक्टेट आणि बाकीची आम्लं साचतात, स्नायू फुगतो आणि सडकून जळजळतो.

ही जळजळ टाळता येत नाही, कारण परिणाम तिच्याच वाटेने येतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पायात कुठेही दुखलं की धास्ती वाटते, आणि बीएफआर फसतं ते बहुतेक वेळा इथेच. एक रुग्ण मांडीच्या जळजळीला घाबरून तिसऱ्या सत्रानंतर येत नाही. दुसरा गुडघ्यातली कळ ही जळजळच समजून दात-ओठ खात सेट (सलग केलेल्या रेप्सचा गट) पुरा करतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म फुगवून येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन आकडे वेगळे विचारायचे: मांडी १० पैकी किती, गुडघा १० पैकी किती. "दुखतंय का?" या एका प्रश्नावर बीएफआर चालवता येत नाही.

हा फरक अभ्यासांतही दिसतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एसीएलच्या २८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांनी ७० टक्के वजनावर लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम) केला आणि अर्ध्यांनी पट्टा बांधून ३० टक्क्यांवर. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. ताकद आणि स्नायूची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. पट्टेवाल्यांना मांडीत जास्त दुखलं, पण गुडघ्यात कमी दुखलं, व्यायाम चालू असताना आणि २४ तासांनंतरही. गुडघ्याची सूजही त्यांच्यात कमी राहिली. सांध्याची कळ कमी करून स्नायूची जळजळ पत्करायची, असा हा सौदा आहे.

आधी कोणाला बांधू नये ते

पायात रक्ताची गुठळी असेल किंवा पूर्वी कधी झाली असेल, रक्त गोठण्याचा आनुवंशिक विकार असेल, सिकल सेल असेल, पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, त्या पायात रक्तवाहिनीचं ग्राफ्ट असेल, कर्करोगावर उपचार चालू असतील, गर्भारपण असेल, पायात लसीकेची सूज असेल, जखम ओली किंवा लाल असेल, तर पट्टा नाही. रक्तदाब आटोक्यात नसेल तर नाही. विश्रांतीत १६०/१०० च्या वर आकडा आला तर त्या दिवशी साधा व्यायाम करून घरी पाठवणं चांगलं. गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, लठ्ठपणा, नुकताच झालेला लांबचा प्रवास यांतलं एकेक कारण एकटं मनाई करत नाही. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया स्वतःच गुठळीचा धोका वाढवते, त्यात ही भर पडते. दोन-तीन एकत्र असतील तर सर्जनशी बोलल्याशिवाय हात घालू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तेव्हाही तेच.

जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेबारा हजारांहून जास्त वापरणाऱ्यांपैकी १३.१ टक्क्यांना पट्ट्याखाली त्वचेत बारीक रक्तस्राव झाला होता, १.३ टक्क्यांना बधिरपणा आला होता आणि शिरेत गुठळी ०.०५५ टक्क्यांत आढळली. आकडे दिलासा देणारे आहेत, पण ते शस्त्रक्रियेच्या टेबलावरून नुकत्याच उतरलेल्या लोकांचे नाहीत. आपल्या रुग्णाची पोटरी प्रत्येक सत्राआधी हाताने तपासायची ती यासाठीच. एका बाजूची सूज, दाबल्यावर दुखणं, ऊब, ताणलेली चमकदार त्वचा, यांतलं काही नवं दिसलं तर त्या दिवशी पट्टा बाजूला ठेवून आधी डॉपलर सोनोग्राफी (रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारी).

वेळेचं म्हणाल तर टाके निघून जखम कोरडी झाली, भूल दिलेल्या नसेचा बधिरपणा पूर्ण गेला आणि मांडी स्वतःच्या हुकमाने आवळता येऊ लागली की सुरुवात करता येते. बहुतेकांत हे दुसऱ्या ते तिसऱ्या आठवड्यात होतं. त्याआधी व्यायामाशिवाय नुसता पट्टा बांधण्याची पद्धतही आहे: ५ मिनिटं फुगवायचा, ३ मिनिटं सोडायचा, अशा ५ फेऱ्या. २००० साली जपानमधून आलेल्या अभ्यासात याने स्नायूची घट कमी झाल्याचं दिसलं होतं. २०१६ च्या दुसऱ्या चाचणीत अशाच फेऱ्या हलक्या व्यायामासोबत करूनही फरक पडला नाही. त्यामुळे तिच्यावर फार भरवसा ठेवू नये. शक्य असेल तिथे स्नायू आकुंचन पावलाच पाहिजे, भले विजेच्या उत्तेजनाने का होईना.

पट्टा आणि दाब

मांडीला १० सेंटीमीटरपेक्षा रुंद पट्टा घ्या. रुंद पट्टा कमी दाबात तेच काम करतो आणि कमी बोचतो. अरुंद पट्ट्याला खूप जास्त दाब लागतो आणि सगळा भार एका ओळीत त्वचेवर आणि नसेवर येतो. म्हणूनच जुन्या लेखांत किंवा व्हिडिओत दिसणारा "२०० वर ठेवा" असा दाबाचा आकडा (दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे मिमीत, मोजतात) उचलू नये. त्यांचा पट्टा किती रुंद होता, मांडी केवढी होती आणि रक्तदाब किती होता, हे कळल्याशिवाय तो आकडा कामाचा नाही. नुसतं रबर किंवा जिममधला गुडघ्याचा रॅप आवळून हे करणारे बरेच आहेत. धडधाकट पायावर ते कदाचित खपून जाईल, पण ताज्या शस्त्रक्रियेच्या पायावर दाब न मोजता काहीही आवळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दाब प्रत्येकाचा वेगळा काढायचा असतो. त्यासाठी आधी पायातला प्रवाह पूर्ण बंद पडायला किती दाब लागतो ते मोजतात, आणि व्यायाम त्याच्या काही टक्क्यांवर करतात. काही यंत्रं हे आपोआप मोजतात. हातपंपाचा पट्टा असेल तर हातात धरायचा डॉपलर (नाडीचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) लागतो. रुग्णाला ५ ते १० मिनिटं निजवून ठेवा. पट्टा जांघेच्या घडीला लागून, एका सपाट, पातळ कापडावर बांधा. खाली दोन बोटं सरकतील इतकाच घट्ट. घोट्याच्या आतल्या हाडामागे जेल लावून डॉपलरचं टोक, म्हणजे प्रोब, साधारण ४५ अंशांत टेकवा आणि नाडीचा सपसप आवाज स्वच्छ मिळेपर्यंत अगदी हळू सरकवा. प्रोब जोरात दाबलात तर धमनी तिथेच चेपते आणि आकडा चुकतो. आता दाब टप्प्याटप्प्याने चढवा, प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन ठोके ऐका. आवाज गेला की थोडा आणखी चढवा आणि मग सावकाश सोडत या. आवाज परत आला तो आकडा लिहून ठेवा, पट्टा पूर्ण सोडा, एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन आकडे १० मिमीच्या आत जुळले पाहिजेत.

समजा १९० मिमी आला. मग ४० टक्के म्हणजे ७६, ६० टक्के म्हणजे ११४, ८० टक्के म्हणजे १५२. पायासाठी साधारण ४० ते ८० टक्क्यांत काम होतं. पहिल्या सत्राला ४० ते ५०, दुसऱ्या आठवड्यात ६०, आणि सहन होत असेल तर पुढे ८०. वजन फारच हलकं असेल, म्हणजे नुसता पाय उचलणं वगैरे, तर ८० कडे झुका. वजन ३० ते ४० टक्के असेल तर ५०-६० ला भागतं. ८० च्या वर नेण्यात फायदा वाढत नाही, दुखणं मात्र वाढतं.

मोजमाप ज्या स्थितीत व्यायाम करायचा त्याच स्थितीत व्हायला हवं. निजल्यावर निघालेला आकडा उभं राहिल्यावर कमी पडतो. आणि तो कायमचाही नाही. सूज उतरते, मांडी भरते, रक्तदाब हलतो. आठवड्यातून एकदा तरी पुन्हा मोजा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पायाच्या बोटाला लावून काम भागवण्याचा मोह होतो, पण पायात तो डॉपलरइतका भरवशाचा नाही.

वजन किती, रेप्स किती

शस्त्रक्रिया झालेल्या पायाचं कमाल वजन तपासून पाहायचं नसतं. मग ३० टक्के कसले काढायचे? सुरुवातीला सोपी कसोटी अशी: पट्ट्याशिवाय सलग ३० रेप्स अगदी आरामात, श्रम १० पैकी ३-४ वाटतील इतक्या होतात असं वजन घ्या. गुडघा पुढे सरकला आणि १० रेप्सचं कमाल वजन सुरक्षितपणे काढता येऊ लागलं की त्याला ०.४ ने गुणा. दहा रेप्सचं वजन कमाल वजनाच्या साधारण ७५ टक्के धरतात, तेव्हा गुणाकार ३० टक्क्यांपाशी येतो. लेग प्रेसवर १० रेप्स ४० किलोच्या होत असतील तर बीएफआर १६ किलोवर.

ठरलेला साचा आहे ३०, १५, १५, १५, एकूण ७५ रेप्स, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती, पट्टा फुगलेलाच. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. या गतीने पहिला सेट दोन मिनिटांचा, पुढचे तीन एकेका मिनिटाचे, विश्रांती दीड मिनिट. एक व्यायाम साडेसहा मिनिटांत संपतो. मग पट्टा पूर्ण सोडा, दोन-तीन मिनिटं रक्त खेळू द्या, तेव्हाच दुसरा व्यायाम. सलग १० मिनिटांच्या वर पट्टा फुगवलेला ठेवू नये. एका सत्रात दोन, फार तर तीन व्यायाम, आठवड्यातून दोन ते तीन सत्रं, मध्ये एक दिवस मोकळा.

अगदी पहिल्या दिवशी मात्र ७५ रेप्सच्या मागे लागू नका. ३० आणि १५, एवढ्यावर थांबा. काही आठवडे न वापरलेल्या स्नायूवर पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली तर पुढचे दोन-तीन दिवस अंग इतकं ठणकतं की रुग्ण जिना चढू शकत नाही. क्वचित स्नायू फुटून त्याचे घटक रक्तात उतरतात. लघवी कोलासारखी गडद होणं, मांडी दगडासारखी कडक होणं आणि न सोसवणारा ठणका, ही त्याची लक्षणं. त्यात वाट पाहायची नसते, तातडीने रुग्णालय गाठायचं.

पुढची वाट रेप्सच दाखवतात. पूर्ण ७५ झाल्या आणि शेवटच्या पाचही सहज गेल्या, तर पुढच्या वेळी वजन ५ ते १० टक्के वाढवा. ६० ते ७४ मध्ये अडकलात तर सगळं योग्य आहे, तसंच ठेवा. ४५ ते ५९ झाल्या तर विश्रांती ३० ऐवजी ४५ सेकंदांची करा. ४५ च्याही खाली आलात तर वजन जास्त आहे.

दुखणं वाचायचं कसं

प्रत्येक सेटनंतर लगेच दोन आकडे घ्या आणि लिहून ठेवा. मांडीचा आकडा पहिल्या सेटच्या शेवटी ४-५, दुसऱ्यात ६, तिसऱ्या-चौथ्यात ७ पर्यंत जातो. तो ७ पर्यंत चालतो. गुडघ्याचा आकडा ० ते २ असेल तर पुढे चला, ३-४ झाला तर काहीतरी बदला, ५ झाला तर तो व्यायाम तिथेच संपला.

रुग्णाला फरक सांगता येत नसेल तर हाताकडे पाहा. जळजळ दाखवताना माणूस सगळा तळवा मांडीवर फिरवतो. सांध्याची कळ तो एका बोटाने दाखवतो, वाटीच्या खाली, आतल्या सांधरेषेवर किंवा ग्राफ्ट काढलेल्या जागी. दुसरी खूण वेळेची. जळजळ रेप्सबरोबर चढत जाते, पहिल्या पाच रेप्समध्ये ती जवळपास नसते. सांध्याची कळ पहिल्याच रेपला, ठरावीक कोनात येते आणि त्या कोनातून बाहेर पडलं की जाते. तिसरी खूण सगळ्यांत खात्रीची: पट्टा सोडल्यावर मिनिटाभरात आकडा निम्म्यावर आला तर ती जळजळ होती. पट्टा सुटूनही गुडघा तसाच ठसठसत राहिला तर ती सांध्याची कुरकुर आहे.

दोन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि घोळ होतो तो उपायांची अदलाबदल केल्यामुळे. गुडघा दुखतोय म्हणून दाब कमी करून उपयोग नाही. गुडघ्यावर भार दाबाने येत नाही, वजनाने आणि कोनाने येतो. तेव्हा आधी कोन आवरा, लेग प्रेस ९० ऐवजी ६० अंशांपर्यंतच करा. त्याने भागलं नाही तर व्यायाम बदला. तरीही नाही तर वजन उतरवा. उलट मांडीची जळजळ सोसवत नसेल तर वजनाला हात लावू नका, ते आधीच हलकं आहे. दाब १० टक्के उतरवा, म्हणजे ८० चा ७० वर. नाही जमलं तर विश्रांती ४५ किंवा ६० सेकंद करा. तेही पुरलं नाही तर विश्रांतीत पट्टा सोडा आणि सेटच्या आधी पुन्हा भरा. परिणाम थोडा उतरेल, पण रुग्ण टिकेल. पहिल्या चार-पाच सत्रांत जळजळ सर्वांत जास्त भासते आणि मग त्याच दाबाला आकडा आपोआप खाली येतो. हे आधीच सांगितलेलं असलं की पुष्कळ लोक टिकून राहतात.

याशिवाय तीन दुखणी अशी आहेत जी या दोन आकड्यांत बसत नाहीत. पट्ट्याच्या खाली चिमटा घेतल्यासारखं दुखत असेल तर कापडाची घडी आहे किंवा पट्टा वाकडा बसलाय; सोडा, सपाट करा, पुन्हा बांधा. पावलात मुंग्या येऊन बधिरपणा वाढत चालला, तर दाब जास्त आहे किंवा पट्टा खाली घसरून नसेवर बसलाय, लगेच सोडा. पाऊल थोडं लालसर-जांभळट दिसणं अपेक्षित आहे, पांढरंफटक आणि गार नाही. अंगठ्याचं नख दाबून सोडा, तीन सेकंदांत रंग परतला पाहिजे. आणि पोटरीतलं दुखणं, विशेषतः सत्र संपून तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झालेलं, नेहमी गंभीर धरा. त्याच्या जोडीला धाप किंवा छातीत दुखणं आलं तर फिजिओथेरपिस्टला फोन करण्यात वेळ घालवू नये, थेट तातडीच्या विभागात जावं.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर, चालायला लागण्याआधी, वाटीच्या मध्यावर टेपने घेर मोजा. आदल्या सत्राआधीच्या आकड्यापेक्षा १ सेंटीमीटरने वाढला असेल किंवा गुडघ्याचा सकाळचा आकडा दोनने चढला असेल, तर मात्रा जास्त झाली. पुढचं सत्र एका सेटने कमी करा. दोनदा असं झालं तर बीएफआर थांबवून आधी सूज उतरवा, कारण सुजलेल्या सांध्यात क्वाड्रिसेप्सचा हुकूम पुन्हा दबतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

वेदनाशामक गोळीबद्दल नेहमी विचारणा होते. रोजची ठरलेली गोळी चालू ठेवा, पण सत्र तिच्यानंतर दर वेळी साधारण तितक्याच वेळाने ठेवा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. व्यायाम सोसावा म्हणून मुद्दाम जास्तीची गोळी घेऊन येऊ नका. तिने मांडीची जळजळ जेमतेम कमी होते आणि गुडघ्याचा इशारा मात्र बुजतो.

एक बाब रुग्णाच्या बाजूची आहे. बीएफआरनंतर काही वेळ गुडघाच कमी दुखतो. वाटीभोवतीच्या दुखण्याच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हा परिणाम ४५ मिनिटांच्या फिजिओ सत्रानंतरही टिकला होता. त्याचा उपयोग करून घ्या: बीएफआर आधी आणि एरवी दुखणारे व्यायाम, पायरी चढणं किंवा उकिडवं बसण्याचा सराव, नंतर. फक्त या उसंतीत गुडघा बरा झालाय असं समजून पळायला लागू नये.

कोणत्या शस्त्रक्रियेला कोणता व्यायाम

सुरुवात सगळ्यांची सारखीच: पाय सरळ ठेवून मांडी आवळणं, मग सरळ पाय उचलणं. उचलताना गुडघा किंचित वाकत असेल तर वजन जोडू नका, आधी तो लोंबता कोन जायला हवा. त्यानंतर अर्धा किलो, एक किलो घोट्याला.

एसीएलमध्ये लेग प्रेस आणि भिंतीला टेकून अर्धं बसणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बहुतेकांना जमतं. बसून पाय सरळ करायचा व्यायाम चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंशांतच. सरळ होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात ग्राफ्टवर ताण येतो. ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचं असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूवर वेगळा भार पहिले सहा ते आठ आठवडे बहुतेक सर्जन टाळायला सांगतात, आणि पट्टा बांधला म्हणून त्यात सूट मिळत नाही. पटेलर टेंडनचं (वाटीखालच्या स्नायुबंधाचं) असेल तर वाटीखालची कळ जास्त जपावी लागते.

मेनिस्कस शिवला असेल तर पायावर भार किती आणि कोन किती हे सर्जनच्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे जाऊ नका. भार घेऊन ९० अंशांच्या पुढे वाकणं किमान सहा आठवडे नाहीच. अशा वेळी निजून-बसून होणारे व्यायामच पट्टा बांधून करायचे.

सांधेबदलाच्या रुग्णांचं वय जास्त, त्वचा पातळ, रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. इथे ४० ते ५० टक्के दाब पुरेसा धरा, कापडाचा थर जाड ठेवा, पट्टा सोडल्यावर दोन मिनिटं बसवूनच उभं करा. एकदम उठवलं तर चक्कर येते. त्वचेवर बारीक लाल ठिपके उठले तर घाबरायचं कारण नाही, काही दिवसांत जातात. मोठे निळे डाग पडू लागले तर मात्र थांबा.

नेहमी होणारे घोळ

पट्टा मांडीच्या मध्यावर येणं हा सर्वांत जास्त दिसणारा. घामाने तो रेप्समध्ये खाली सरकतो आणि मोजलेल्या दाबाचा अर्थच उरत नाही. दुसरा, हातपंपाचा पट्टा हळूहळू गळत राहणं. तिसऱ्या सेटला अचानक सोपं वाटू लागलं तर खूश होण्याआधी काटा बघा. स्नायू आवळला की काटा हलतोच, म्हणून वाचन नेहमी विश्रांतीत घ्यायचं. तिसरा, श्वास रोखून जोर लावणं. रक्तदाब आधीच चढलेला असतो, त्यात ही भर नको. वर नेताना श्वास सोडा, मोठ्याने रेप्स मोजायला लावलं की आपोआप सुटतो.

आणि एक घोळ हौसेचा: पट्टाही बांधायचा आणि वजनही ७० टक्के लावायचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसीएलवरच्या चाचणीत जड व्यायामाला पट्ट्याची जोड देऊन क्वाड्रिसेप्सच्या ताकदीत काहीच जास्त मिळालं नाही. पट्टा हलक्या वजनासाठीच आहे.

जड वजनाकडे

बीएफआर स्नायू भरून देतं. टेंडन, हाड आणि ग्राफ्ट यांना मात्र खऱ्या भाराची सवय लागावी लागते, ती ३० टक्क्यांवर लागत नाही. सूज नसेल, गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि पट्ट्याशिवाय ५० टक्के वजनाच्या १२ रेप्स गुडघ्याचा आकडा २ च्या आत ठेवून होत असतील, तर आठवड्यातलं एक बीएफआर सत्र काढून तिथे पट्ट्याशिवाय जड सत्र ठेवा. दोन आठवडे सकाळचा घेर आणि आकडा स्थिर राहिला तर दुसरंही बदला. ६० ते ७० टक्के वजन कुरकुर न करता होऊ लागलं की पट्ट्याची नियमित गरज संपते. मध्येच गुडघा सुजला तर सगळं बंद करून बसू नका. जड वजन आठवडाभर बाजूला ठेवा, पट्टा ६० टक्क्यांवर बांधून हलक्या वजनावर परत या, आणि घेर पूर्वीच्या आकड्यावर आल्यावर जिथे सोडलं होतं त्याच्या १० टक्के खालून पुन्हा सुरू करा.